चित्रफितीची पाठवणी

पूर्वी घरच्या लग्नमुंजीचे चित्रण करावयाचे म्हणजे व्हिडिओवाल्याला गाठावे लागे, आणि तो जी कॅसेट हातावर ठेवील ती निमूटपणे घ्यावी लागे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट यांसारखी संकलनाची सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. डाविंची रिझॉल्व्हसारख्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचीही एक मोफत आवृत्ती आहे. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी ती कोणाच्या मदतीवाचून शिकतात, स्नेहसंमेलनाची, सहलीची, एकांकिकेची चित्रफीत स्वतः कापतात, जोडतात, तिच्यावर संगीत चढवतात. या बाबतीत ते आम्हा शिक्षकांच्या दोन पावले पुढेच आहेत.

मात्र शेवटच्या पायरीवर त्यांची गाडी हटकून अडते. संकलन पुरे झाले की ते सॉफ्टवेअरच्या बाहेर काढून एक स्वतंत्र फाईल बनवावी लागते. या क्रियेला कोणी एक्सपोर्ट म्हणते, कोणी रेंडर, कोणी डिलिव्हर. मी तिला पाठवणी म्हणतो. ते बटण दाबताच एक खिडकी उघडते आणि पंधरावीस प्रश्न एकदम समोर उभे राहतात : फॉरमॅट कोणता, कोडेक कोणता, रिझोल्यूशन किती, फ्रेमरेट किती, बिटरेट किती? मग विद्यार्थी माझ्याकडे येतो आणि विचारतो, "सर, ह्यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते सांगा, तेच टाकतो."

मी भौतिकशास्त्र शिकवतो, सिनेमा शिकवत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आणि थोड्याशा अंकगणितात आहे, म्हणून ते देण्याचे धाडस करतो. उत्तर असे की, "सगळ्यात चांगले" असे या खिडकीत काहीच नाही. ही चित्रफीत कोण पाहणार, कशावर पाहणार आणि ती तिथवर कशी पोचणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. ती मिळाली की पंधरा प्रश्नांपैकी बहुतेक आपोआप सुटतात.

एवढी काटछाट कशासाठी?

प्रथम हे पाहू की फाईल लहान करण्याची गरजच का पडते. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. हल्ली ज्याला फुल एचडी म्हणतात त्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट लागतात. तेव्हा एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट झाले. सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवली तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट, आणि मिनिटाला सुमारे ९३३ कोटी, म्हणजे सव्वानऊ जीबीहून अधिक! एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. म्हणजे एका मिनिटाच्या चित्रणाला जवळजवळ दोन डीव्हीडी लागतील, आणि दहा मिनिटांच्या एकांकिकेला ९३ जीबी.

प्रत्यक्षात तीच दहा मिनिटे आपण ६०० एमबीमध्ये बसवतो आणि प्रेक्षकाला फरक जाणवत नाही. दीडशेहून अधिक पट काटछाट होऊनही डोळा तक्रार करीत नाही, हा चमत्कार कसा घडतो?

तीन युक्त्या आहेत. पहिली डोळ्याच्या स्वभावावर आधारलेली आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याची उजळता ठेवतात, पण रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच ठेवतात. एवढ्यानेच माल निम्मा होतो.

दुसरी युक्ती अशी की, चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील फरक ठळक आणि सूक्ष्म असे वेगळे करावयाचे, ठळक ते ठेवावयाचे आणि जे डोळ्याला दिसणारच नाही ते सूक्ष्म टाकून द्यावयाचे. या विभागणीसाठी जे गणित वापरतात त्याचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ते मांडणारे नासिर अहमद हे मूळचे आपल्या राज्यातले. त्यांचा जन्म १९४० साली बेंगळूरुला झाला आणि अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी तेथेच घेतली. पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्यातील विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नामंजूर झाले. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइलवरचे जेपेग छायाचित्र आणि आपण पाहतो तो बहुतेक प्रत्येक व्हिडिओ त्या गणितावर किंवा त्याच्या कुळातील गणितावर चालतो. आमच्या मासिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांनाही हे सांगावेसे वाटते.

तिसरी युक्ती सर्वांत मोठी बचत करते. रंगमंचावर पात्र बोलत असते तेव्हा मागचा पडदा, टेबल, खुर्ची जागच्या जागी असतात. मग ते पुन्हापुन्हा कशाला लिहावयाचे? म्हणून मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितात आणि त्यापुढील चित्रांत केवळ काय बदलले, काय सरकले एवढेच नोंदवतात.

या तिन्ही युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. थोडेसे काही तरी कायमचे टाकून दिले जाते, आणि टाकलेले परत येत नाही. लहान केलेली फाईल पुढे मोठ्या आकड्यांनी कितीही वेळा बाहेर काढली तरी तिचा आकार तेवढा वाढेल, चित्र सुधारणार नाही. ताकाचे दूध होत नाही, तसेच हे. पाठवणीच्या खिडकीतला प्रत्येक आकडा म्हणजे "काय टाकू?" या प्रश्नाचे तुम्ही दिलेले उत्तर होय.

हे सगळ्यांनाच ठाऊक नसते आणि त्याची किंमत कधी कधी जबर असते. खानापूर तालुक्यातून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपल्या होत्या. काही मराठी, काही कानडी, कारण म्हातारीचे माहेर एका भाषेतले आणि सासर दुसऱ्या. मुलीने त्यांची सुरेख चित्रफीत जोडली, आणि मैत्रिणींना चटकन धाडता यावी म्हणून सॉफ्टवेअरमधला सर्वांत लहान पर्याय निवडला. मोबाइल भरला होता, म्हणून मूळ चित्रण पुसले. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. नंतर ती फीत सभागृहात दाखवावयाची ठरली तेव्हा मोठ्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी हलणारे चौकोन दिसू लागले, आणि जात्याच्या घरघरीत शब्द बुडाले. मुलीचा यात काय दोष? तिला कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्यांना कोणी तरी सांगावे म्हणून हा लेख.

डबा वेगळा, पदार्थ वेगळा

आता खिडकीतले प्रश्न एकेक करून घेऊ. फॉरमॅट आणि कोडेक या दोन शब्दांची नवशिक्यांच्या मनात नेहमी सरमिसळ होते. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे डबे आहेत. डब्यात एका कप्प्यात चित्र, एका कप्प्यात आवाज, आणि असल्यास एका कप्प्यात उपशीर्षके असतात. कोडेक म्हणजे आतला पदार्थ कोणत्या पद्धतीने आटवला आहे ते. डब्याचे नाव सारखे असले तरी आतला पदार्थ निराळा असू शकतो. म्हणूनच एखादी एमपी४ फाईल घरच्या टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही.

कोडेकमध्ये तीन नावे सहसा दिसतात. एच.२६४ हा २००३ सालचा. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, हा २०१३ सालचा. तो तेवढाच दर्जा सुमारे निम्म्या आकारात देऊ शकतो. एव्ही१ हा २०१८ सालचा, तो आणखी काटकसरी आहे. मग सर्वांत नवा का घेऊ नये? कारण फाईल उलगडणारे यंत्र समोरच्याकडे हवे. एच.२६४ जाणत नाही असा मोबाइल, संगणक किंवा टीव्ही आज शोधून सापडणे कठीण. बाकीच्या दोहोंबद्दल तसे म्हणता येत नाही. शिवाय त्यांची फाईल तयार करताना साध्या संगणकाची दमछाक होते. म्हणून नवशिक्याला माझा सल्ला असा : डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. जेथे काय चालेल याची खात्री नाही तेथे हे त्रिकूट बहुतेक दगा देत नाही.

चित्राचा आकार

रिझोल्यूशन म्हणजे रांगोळीचे ठिपके किती. यात एकच नियम पक्का लक्षात ठेवावा. मूळ चित्रणात जेवढे ठिपके आहेत त्याहून अधिक मागू नयेत. १२८० × ७२० मध्ये टिपलेले दृश्य ३८४० × २१६० च्या, म्हणजे फोर-के आकारात बाहेर काढले तर ठिपके नऊपट होतात, पण नवा तपशील तसूभरही येत नाही. फाईल मात्र फुगते. पी हळद आणि हो गोरी असे येथे होत नाही.

उलट, आकार कमी करणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. वर्गखोल्यांतील कितीतरी प्रोजेक्टर १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० ठिपक्यांचेच असतात. त्यांच्यावर फोर-के फाईल लावली तरी उरलेले ठिपके प्रोजेक्टर टाकूनच देणार, आणि वर जुना संगणक अडखळेल तो वेगळाच.

घरी जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रण असेल तर थोडी अधिक काळजी घ्यावी. आपल्याकडील टीव्ही पाल पद्धतीचा होता. त्याचे चित्र संगणकावर सामान्यतः ७२० × ५७६ असे उतरते आणि पडद्याचे प्रमाण चारास तीन असते. ते आजच्या सोळास नऊ पडद्यावर ताणून बसवले की आजोबा अकारण लठ्ठ दिसू लागतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी राहू द्यावेत, माणसे ताणू नयेत. अशा जुन्या चित्रणात हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला फणीसारख्या रेघा दिसतात. कारण त्या काळी एका चित्राच्या सम आणि विषम ओळी आळीपाळीने टिपत असत. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस नावाचा उपाय असतो, तो योजावा.

सेकंदाला किती चित्रे?

फ्रेमरेटबाबत विद्यार्थ्यांची समजूत अशी की आकडा जितका मोठा तितके चांगले. तसे नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालत आला. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, आणि टीव्ही २५ चित्रांचा. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, आणि टीव्ही सुमारे ३० चित्रांचा. मोबाइल बहुधा ३० चित्रांनी टिपतात. चित्रण ज्या वेगाने झाले त्याच वेगाने ते बाहेर काढावे. ३० ची २५ करावयाची तर दर सहा चित्रांमागे एक गाळावे लागते, आणि नृत्याच्या दृश्यात तो झटका स्पष्ट दिसतो.

मोबाइलच्या चित्रणाची आणखी एक खोड आहे. उजेड कमी झाला की पुष्कळ मोबाइल चित्रांचा वेग आपणहून कमी-अधिक करतात. मग काही सॉफ्टवेअरांत ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ लागते. त्यासाठी पाठवणी करताना वेग स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडावा, आणि फितीच्या शेवटच्या मिनिटात ओठ व शब्द जुळतात ना हे मुद्दाम पाहावे. सुरुवातीस ही चूक दिसत नाही, ती साचत जाते.

बिटरेट, म्हणजे खरी गोम

दर्जा आणि आकार या दोहोंचे लगाम बिटरेटच्या हाती असतात. एका सेकंदाच्या चित्रणासाठी किती बिट खर्च करावयाचे, तो हा आकडा. तो मेगाबिटमध्ये सांगतात, आणि फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून हिशेब सोपा आहे : बिटरेटला सेकंदांनी गुणावे आणि आठाने भागावे. ८ मेगाबिटांनी दहा मिनिटे म्हणजे ८ गुणिले ६००, भागिले ८, बरोबर ६०० एमबी.

हाच हिशेब उलटा अधिक उपयोगी पडतो. समजा, ४० मिनिटांचे नाटक पेनड्राइव्हवर न्यावयाचे आहे. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्यांवर ४ जीबीहून मोठी एकच फाईल मावतच नाही, मग पेनड्राइव्ह ३२ जीबीचा का असेना! ऐन कार्यक्रमाच्या सकाळी हे कळून धावपळ करणारे मी पाहिले आहेत. ४० मिनिटे म्हणजे २४०० सेकंद. १२ मेगाबिट ठेवले तर २४०० गुणिले १२, भागिले ८, म्हणजे ३६०० एमबी. बसले. १५ ठेवले असते तर ४५०० एमबी झाले असते, आणि फाईल नाकारली गेली असती. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण बिटरेटसाठीच असावी. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने आखला तर ही अट राहत नाही, पण मग समोरच्या टीव्हीला ती पद्धत वाचता येते का हे आधी पाहावे.

मग योग्य बिटरेट कोणता? ते दृश्यावर अवलंबून आहे. स्थिर कॅमेऱ्यासमोर बसून कोणी व्याख्यान देत असेल तर बदल थोडा, म्हणून थोडक्या बिटांत भागते. लेझीम, ढोलताशे, पाऊस, उडता गुलाल, झाडाची हलती पाने यांत प्रत्येक चित्रात सारेच बदलते. तेथे कंजुषी केली की चौकोन दिसू लागतात. एक अंदाज म्हणून सांगतो. यूट्यूबने आपल्या मार्गदर्शनात एच.२६४ साठी सेकंदाला २४ ते ३० चित्रे असता फुल एचडीला ८ मेगाबिट आणि ७२० ओळींच्या चित्राला ५ मेगाबिट सुचवले आहेत. ५० किंवा ६० चित्रे असतील तर फुल एचडीला १२. घरगुती कामासही हे आकडे आधाराला पुरेसे आहेत.

सॉफ्टवेअर स्थिर की बदलता बिटरेट असेही विचारते. बदलता घ्यावा. त्यात सोप्या दृश्यावरचे बिट वाचवून अवघड दृश्यावर खर्च होतात. दोन फेऱ्यांचा पर्याय असेल तर पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर दृश्ये पारखते आणि दुसरीत लिहिते. वेळ अधिक लागतो, पण ठरावीक आकारात उत्तम दर्जा मिळतो. काही सॉफ्टवेअरांत बिटरेटऐवजी सीआरएफ नावाचा दर्जाचा आकडा असतो. एच.२६४ मध्ये तो साधारणपणे १८ ते २३ च्या दरम्यान ठेवतात, आणि येथे आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. त्यात फाईल केवढी होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आकाराची अट नसेल तेव्हाच तो वापरावा.

आवाजावर कात्री चालवू नये

जागा वाचवण्यासाठी आवाजाचा दर्जा कमी करण्याची एक वाईट सवय दिसते. हिशेब करून पाहा. एएसीमध्ये सेकंदाला १९२ किलोबिट म्हणजे चांगला स्टिरिओ आवाज. दहा मिनिटांना तो लागतो अवघा साडेचौदा एमबी. ६०० एमबीच्या फाईलमध्ये एवढ्याची काटकसर करून काय साधणार? संगीताचा कार्यक्रम असेल तर ३२० किलोबिट खुशाल द्यावेत. चित्र थोडे अंधुक असले तर प्रेक्षक सांभाळून घेतो, पण शब्द कळला नाही तर उठून जातो. नाटक असो, भजन असो की आजीच्या ओव्या, जपावयाचा असतो तो मुख्यतः आवाज.

दोन भाषांची सोय

आमच्यासारख्या ठिकाणी, जेथे एकाच बाकावर मराठी आणि कन्नड बोलणारे विद्यार्थी बसतात, उपशीर्षकांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ती दोन प्रकारे देता येतात. एक, चित्रावरच कायमची उमटवून. दोन, एसआरटी नावाच्या वेगळ्या लहानशा फाईलमध्ये लिहून. पहिल्या प्रकारात ती सर्वत्र हमखास दिसतात, पण एकाच भाषेत आणि कायमची. दुसऱ्यात चित्रफीत एकच राहते आणि तिच्याबरोबर मराठीची एक, कन्नडची एक अशा दोन फायली देता येतात. ज्याला जी हवी ती त्याने लावावी. यूट्यूब अशा फायली घेते. व्हीएलसीसारखे प्लेअरही त्या दाखवतात. त्या यूटीएफ-८ या पद्धतीने जतन कराव्यात, नाही तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

मात्र सभागृहातील टीव्हीवर थेट पेनड्राइव्ह लावणार असाल तर चित्रावर उमटवलेली उपशीर्षकेच बरी. पुष्कळ टीव्हींना देवनागरी किंवा कन्नड जोडाक्षरे नीट जुळवता येत नाहीत. उमटवण्यापूर्वीही एखादे "क्ष", "ज्ञ", "र्थ" असलेले वाक्य लावून पाहावे. काही संकलनाच्या सॉफ्टवेअरांतही जोडाक्षर फुटते.

चार पाठवण्या

आता सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे वळू. एकाच संकलनातून वेगवेगळ्या ठिकाणांसाठी वेगवेगळ्या फायली काढता येतात, आणि काढाव्यात. माझ्या मते चार प्रसंग सहसा येतात.

पहिली, जपणुकीची प्रत. मूळचा आकार, मूळचा फ्रेमरेट, आणि बिटरेट हात सैल सोडून. फुल एचडीला एच.२६४ मध्ये २५ ते ४० मेगाबिट चालतील. जागा मुबलक असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर यांसारखा, संकलनासाठीच बनवलेला कोडेक घ्यावा. ही प्रत कोणाला पाठवावयाची नाही. पुढील सर्व प्रती हिच्यापासून काढावयाच्या.

दुसरी, यूट्यूबसाठी. तेथे चढवलेली प्रत्येक फाईल ती कंपनी पुन्हा स्वतःच्या पद्धतीने आटवते. आटवलेले पुन्हा आटणार, म्हणून आपण थोडे सढळ असावे. वर सांगितलेले आकडे किमान समजावेत.

तिसरी, सभागृहासाठी. एमपी४, एच.२६४, एएसी, प्रोजेक्टरला साजेसा आकार, फाईल ४ जीबीच्या आत.

चौथी, मोबाइलवर धाडण्यासाठी. ७२० ओळी आणि २.५ मेगाबिट ठेवले तर पाच मिनिटांची फीत सुमारे ९५ एमबी होते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या रीतीने व्हिडिओ धाडला की वाटेत तो आणखी आकसतो. तोच डॉक्युमेंट म्हणून जोडला तर जसाच्या तसा पोचतो. २०२२ पासून तेथे २ जीबीपर्यंतची फाईल चालते. आपल्याला आलेली फीत कोणी संग्रहासाठी मागितली तर तिची नक्कल देण्याऐवजी मूळ टिपणाऱ्याकडून ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

कोणतीही पाठवणी करण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करावा. सर्वांत धावपळीच्या दृश्यातील तीस सेकंद तेवढेच बाहेर काढावेत आणि ज्या यंत्रावर दाखवावयाचे त्याच यंत्रावर पाहावेत. मोबाइलवर सुरेख दिसणारे चित्र बारा फुटी पडद्यावर उघडे पडते. पुढे पूर्ण फाईल झाली की तिची सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. आमच्या प्रयोगशाळेत वाचन तीनदा घेतो, तीच शिस्त येथे लागू आहे.

शेवटी मूळ चित्रणाबद्दल. पाठवणी यशस्वी झाली की ते पुसण्याचा मोह होतो. निदान जे पुन्हा घडणार नाही, वडीलधाऱ्यांचा आवाज, गावातली मोडत चाललेली रीत, एखाद्या कलावंताचा प्रयोग, त्याचे तरी मूळ चित्रण आणि जपणुकीची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी अन्यत्र. भारताचा पहिला बोलपट "आलम आरा" १९३१ साली आला, हजारोंनी पाहिला, आणि आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. तेव्हाच्या फिती महाग होत्या आणि सांभाळावयास कठीण होत्या. आज साठवण तितकी महाग नाही. तेव्हा पाठवणीच्या खिडकीत सर्वांत लहान पर्यायावर बोट ठेवण्याआधी विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे : जे मी आता टाकतो आहे, ते माझ्याकडे आणखी कुठे आहे का? उत्तर "नाही" असे आले, तर आधी जपणुकीची प्रत काढावी आणि मगच लहान करावे.